राणीने बोलावलेला सेनापती

या अंकासाठी संपादकांनी 'राज्यक्रांती आणि सेनापती' हा विषय सुचविला, तेव्हा मनात जी नावे आपोआप उभी राहिली ती सारी सातासमुद्रापलीकडची होती. १७९९ साली पॅरिसचे विधिमंडळ संगिनींच्या धाकाने उधळून फ्रान्सचा सूत्रधार झालेला बोनापार्ट, किंवा राजाचा शिरच्छेद झाल्यावर 'संरक्षक' हे बिरुद घेऊन राज्य करणारा क्रॉमवेल, हीच ती नावे. परंतु नागपूरहून उत्तरेस निघून सावनेर मागे टाकले की थोड्याच वेळात ज्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात आपण शिरतो, त्या मुलखाने असाच एक प्रसंग पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवला आहे. आणि तो मराठी वाचकाच्या इतक्या जवळचा असूनही त्याची नीट विचारपूस आपण क्वचितच केली आहे. रघूजी भोसल्याने देवगडचे गोंड राज्य जिंकले, एवढे एक वाक्य शाळेच्या पुस्तकातून आपल्या पदरी पडते. हे वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. रघूजी देवगडावर फौजेनिशी प्रथम आला तो वारसाहक्काच्या भांडणात निर्वाणीला आलेल्या एका राणीच्या बोलावण्यावरून. जाताना राज्य राणीच्या मुलांना देऊन, आपला मोबदला घेऊन गेला. आणि पुन्हा आला तो कायमचा. ही गोष्ट जिथे घडली ती भूमी पाहावी, म्हणून मी तिकडे गेलो.

घाटाखालचा मुलूख

छिंदवाड्याचा जुना जिल्हा निसर्गानेच दोन पायऱ्यांत विभागला आहे. वर सातपुड्याचे पठार, त्यास जुन्या कागदांत बालाघाट म्हणत. खाली नागपूरच्या सपाटीस लागून असलेला काळ्या जमिनीचा पट्टा, तो जेरघाट. सौंसर आणि पांढुर्णा ही दोन्ही गावे या जेरघाटात येतात. भोसल्यांच्या अमदानीत हाच भेद 'देवगड घाटावर' आणि 'देवगड घाटाखाली' अशा सुभ्यांच्या नावांत दिसतो. रामाकोना ओलांडून सिल्लेवानीचा घाट चढू लागले, की कपाशीची, तुरीची आणि संत्र्याची शिवारे मागे पडून सागाचे रान सुरू होते. आणि वळणावर थांबून मागे पाहिले, तर ज्या सपाटीच्या उत्पन्नावर देवगडचे सिंहासन उभे होते ती सारी सपाटी एका दृष्टिक्षेपात येते. राजा वर डोंगरात आणि धान्य खाली मैदानात, अशी ज्या राज्याची ठेवण, त्या राज्याला मैदानातून येणाऱ्या घोडदळाचे भय सदैव असावयाचेच.

आज या भागातील दुकानांच्या पाट्या हिंदीत आहेत, कचेरीचा कागद हिंदीत आहे, आणि बाजाराची बोली मराठी आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व सौंसर तहसील मध्य प्रदेशातच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. सौंसरच्या बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. मी नागपूरकडून आलो हे कळताच त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा जी, नागपूरवाले आमाले पाहुणे नोहोत. आमी तिकडे गेलो का तिकडचे म्हणतात हे एमपीवाले, अन् इकडे साहेब म्हणते हे मराठे." त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती. पण एका सेनापतीच्या पाठोपाठ या खोऱ्यात आलेली भाषा, त्याच्या घराण्याचे राज्य लयास जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली तरी येथे नांदते आहे, आणि त्या भाषेच्या माणसांना अद्याप आपली ओळख दोन्हीकडे सांगावी लागते, हे त्या दोन वाक्यांत आले होते.

देवगडचा पहिला चाकर

देवगडचा किल्ला छिंदवाड्याच्या नैऋत्येस, मोहखेड तहसिलीत, डोंगराच्या एका सोंडेवर आहे. पायवाटेने वर गेल्यावर प्रथम लागतो तो नगारखाना. पुढे पडक्या महालांचे चौथरे, एक मशीद, आणि मोतीटाके या नावाने ओळखले जाणारे पाण्याचे टाके. खालच्या गावात आठ-नऊशे विहिरी व बावड्या होत्या असे लोक सांगतात. तो आकडा अतिशयोक्त म्हणून सोडला, तरी रोजगार हमीच्या कामातून गाळ काढून मोकळ्या केलेल्या बावड्या पाहिल्या, की येथे एके काळी मोठी वस्ती होती याविषयी शंका राहत नाही. एका बावडीच्या पायऱ्या उतरून गेलो. चुन्याविना बसविलेल्या चिऱ्यांच्या फटींतून उंबराची मुळे आत घुसली होती, पण चिरा जागचा हलला नव्हता.

या राज्याची उत्पत्तिकथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. देवगडावर पूर्वी रणसूर आणि घनसूर या गवळी राजांचे राज्य होते आणि जटबा नावाचा एक बलदंड गोंड तरुण त्यांच्या चाकरीस होता, अशी आख्यायिका आहे. दसऱ्याच्या उत्सवात रेडा मारण्याचा मान त्याला मिळाला, पण हाती दिली ती लाकडी तलवार. देवीच्या कृपेने त्याने तिनेच रेडा मारला आणि त्याच आवेशात धन्यांना मारून तो गादीवर बसला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी जटबा हा ऐतिहासिक पुरुष आहे. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त त्याचा उल्लेख असून दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असे त्याचे बळ तेथे नोंदले आहे. म्हणजे ज्या राज्यावर पुढे एक सेनापती स्वार झाला, ते राज्य आपल्या जन्माची गोष्ट सांगतानाही शस्त्रधारी चाकर धनी झाल्याचीच गोष्ट सांगत होते.

जटब्याच्या वंशात बख्तबुलंद शहा हा कर्तबगार राजा झाला. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, परत येऊन मोगलांविरुद्धही उठाव केला, आणि १७०२च्या सुमारास नाग नदीकाठच्या खेड्यांतून नागपूर शहर वसविले. कुणबी, कारागीर, व्यापारी यांना त्याने बाहेरून आणून वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी नागपुरास नेऊन शहराला कोट घातला. डोंगरावरचे सिंहासन याप्रमाणे आपण होऊन मैदानात उतरले होते.

मोजक्या घोड्यांचा शिलेदार

रघूजीचे घराणे मूळ पुण्याकडील हिंगणीबर्डीचे आणि साताऱ्याकडील देऊरचे. त्याचा चुलत आजा परसोजी १७०७ साली, मोगलांच्या कैदेतून परतणाऱ्या शाहूच्या पक्षास अगदी आरंभी जाऊन मिळाला. त्या एका वेळेवर केलेल्या निवडीने घराण्यास 'सेनासाहेबसुभा' हा किताब आणि वऱ्हाडाची चौथाई लाभली. परसोजीमागून त्याचा पुत्र कान्होजी भाम येथे ठाणे करून राहिला. त्याच्या आश्रयास असलेला तरुण रघूजी पुढे त्याच्याशी बिनसून बाहेर पडला, आणि मोजक्या घोडेस्वारांनिशी काही काळ चाकरी करीत फिरला. ही चाकरी त्याने कोणाची केली? प्रथम देवगडच्या चांद सुलतानाची आणि मग एलिचपूरच्या नवाबाची. ज्या दरबाराचे तो पुढे पालकत्व घेणार होता, त्याच्या देवड्या, तेथील रुसवेफुगवे आणि खजिन्याची चाल त्याने पगारी शिलेदार म्हणून आतून पाहिलेली होती. माझ्या मते त्याच्या पुढील सर्व यशाचे बीज येथे आहे.

तेथून तो साताऱ्यास गेला. शाहूची मर्जी त्याने संपादन केली. शिर्के घराण्यातील सोयरिकीने तो राजकुटुंबाच्या नात्यात आला. इकडे कान्होजी हिशेब वेळेवर देईना आणि त्याचा ओढा निजामाकडे वाटू लागला, तेव्हा शाहूने सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे रघूजीला देऊन त्यालाच कान्होजीवर धाडले. वणीजवळ मंदर येथे कान्होजी हाती लागला आणि त्याचे उर्वरित आयुष्य साताऱ्यास कैदेत गेले. ज्याने पोसले त्याला धरून आणण्याचे हे काम रघूजीने शाहूच्या आज्ञेने केले, हे खरे. परंतु त्या आज्ञेसाठी तो किती दिवस साताऱ्यास तिष्ठत राहिला होता, हेही विसरता येत नाही.

राणीची हाक

१७३० च्या दशकाच्या अखेरीस चांद सुलतान वारला. बख्तबुलंदाचा दासीपुत्र वलीशहा याने गादी बळकाविली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिच्यापुढे मुलांचे प्राण वाचविण्याचा प्रश्न होता. मोगल बादशाही नावापुरती उरली होती, निजाम दूर होता. जवळ होता तो वऱ्हाडातील मराठा सरदार, जो एके काळी तिच्याच पतीच्या पदरी होता. तिने त्याला बोलाविले. रघूजी आला, वलीशहाचा पाडाव केला, अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा या दोघा मुलांना गादीवर बसविले, आणि अकरा लक्ष रुपये व मुलखातील काही भाग मोबदला म्हणून घेऊन परत गेला.

त्या क्षणी ज्याच्याजवळ विजयी सैन्य होते आणि समोर दोन अल्पवयीन राजपुत्र, त्याला थांबविणारे कोणी नव्हते. तो थांबला, कारण त्याच सुमारास कर्नाटकाची मोहीम त्याच्या अंगावर आली. १७४०च्या मे महिन्यात दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली पडला, १७४१च्या मार्चात त्रिचनापल्ली हाती आली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास आला. मध्यंतरी थोरला बाजीराव वारला, तेव्हा बारामतीच्या बाबूजी नाइकास पेशवाई मिळावी म्हणून रघूजीने खटपट केली, ती फसली. पुण्याशी त्याचे वाकडे होते ते अधिकच वाकडे झाले.

१७४३ साली देवगडचे दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पुन्हा बोलावणे आले, ते या वेळी बुऱ्हाणशहाकडून. अकबरशहा निजामाच्या मुलखात परागंदा झाला आणि तेथेच विषप्रयोगाने मेला. आता रघूजी परत गेला नाही. त्याने नागपूर हेच आपले राहण्याचे ठिकाण केले.

टिळा कोणी लावावयाचा

रघूजीने बुऱ्हाणशहाला मारले नाही, हद्दपार केले नाही, पदच्युतही केले नाही. राजा हा शब्द त्याच्याच नावामागे राहिला. उत्पन्नातील हिस्सा त्याला मिळत राहिला. त्याचे वास्तव्य नागपुरातच राहिले. भोसला मात्र सेनासाहेबसुभा, म्हणजे अधिकृतपणे साताऱ्याच्या छत्रपतींचा एक सेनाधिकारी. भोसल्याच्या राज्यारोहणप्रसंगी कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा, ही परंपरा नागपुरास पुढेही सांगितली जात असे.

हे औदार्य होते काय? थोडेफार असेलही. पण या व्यवस्थेचा उपयोग फार मोठा होता. पुण्याने हिशेब मागितला, तर हा मुलूख स्वराज्याच्या सनदेतला नसून देवगडकर राजाचा आहे आणि आपण त्याचे कारभारी आहोत, असे म्हणता यावे; आणि गोंड जमीनदारांनी मान वर केली, तर तुमच्याच राजाच्या आज्ञेने वसूल घेतो, असे त्यांना सांगता यावे. दोन धनी असणे हे त्या काळी धनी नसण्याचे उत्तम साधन होते. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात ही रीत सर्वत्र दिसते. म्हैसुरात हैदरअलीने वडियार राजाला दसऱ्याच्या दरबारी मिरवून बाकी वर्षभर राज्य स्वतः केले. हैदराबादचा निजाम शेवटपर्यंत बादशहाचा सुभेदार म्हणवीत होता. आणि स्वतः पेशवा तरी छत्रपतींचा प्रधानच होता. युरोपातील बोनापार्टास मुकुट आपल्या हाताने डोक्यावर ठेवावा लागला, कारण त्याच्या देशाने जुने नाव पुसून टाकले होते. येथे जुने नाव पुसणे कोणालाच परवडणारे नव्हते.

१७४९च्या डिसेंबरात शाहू निपुत्रिक वारला आणि साताऱ्याच्या गादीभोवती कारस्थानांची गर्दी झाली. त्या उलथापालथीत रघूजी पुढील साली साताऱ्यास गेला, तो गादीच्या भानगडीत पडावयास नव्हे; वऱ्हाड, गोंडवन आणि बंगाल यांच्या नव्या सनदा पेशव्याच्या अनुमतीने पदरी पाडून तो परतला. हा मनुष्य सिंहासनापेक्षा सनद अधिक मोलाची मानीत होता.

बंगालचे घोडे

त्या सनदांतील बंगाल हा शब्द लिहिताना मराठी लेखणीने अडखळले पाहिजे. वऱ्हाडाची चौथाई आणि देवगडचा वसूल यांवर रघूजीची फौज पोसणे शक्य नव्हते. शिलेदाराचे घोडे त्याचे स्वतःचे, बारगिराचे घोडे सरकारचे. दोघांनाही दरसाल मुलूखगिरीला नेले नाही, तर तनखा थकतो आणि फौज पांगते. १७४२ साली भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेला, काटव्यास तळ पडला. १७४४च्या मार्च अखेरीस मानकरा येथे बोलणी करण्याच्या मिषाने अलीवर्दीखानाने त्याला व त्याच्या सरदारांना तंबूत बोलावून ठार केले. रघूजी सूड घ्यावयास स्वतः उतरला, आणि १७५१ साली ओरिसा व सालिना बारा लक्ष रुपये चौथाई असा तह होऊन युद्ध थांबले.

आपल्या बखरी हा पराक्रम म्हणून सांगतात. गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' हे त्या काळचे बंगाली काव्य गावे जाळल्याचे आणि स्त्रियांच्या विटंबनेचे वर्णन करते; आणि 'बर्गी' म्हणजे आपला बारगीर, त्याचे नाव बंगाली आया अंगाईत मुलांना भिववावयास घेत आल्या आहेत. कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला त्यास मराठ्यांचेच नाव पडले. सौंसरच्या कुणब्याला त्याच्या शेतावर स्थिर राहता यावे, म्हणून काटव्याच्या शेतकऱ्याने घरदार सोडून पळावे, असा हा हिशेब होता. नागपूरकर भोसल्यांविषयी आपुलकीने लिहिणाऱ्याने तो नजरेआड करू नये.

पाटील आणि कमाविसदार

सेनापती राज्य घेतो ते घोड्यावरून. राज्य टिकते ते मात्र दफ्तराने. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणीस, आणि गावात पाटील, अशी ही साखळी. पाटलाने दरसाल कमाविसदारापुढे बसून गावाचा आकार ठरवावयाचा, मग तो रकमेप्रमाणे कुळांवर वाटून द्यावयाचा. पडीक जमीन उठविणाऱ्यास पहिली काही वर्षे कौलाने सवलत द्यावयाची. याच कौलांच्या आशेने वऱ्हाड आणि वर्धेकडील कुणबी या खोऱ्यात आले व स्थिरावले. गोंड कुळे हळूहळू डोंगराच्या कडेकडे सरकली. या सरकण्यात लढाई झाली नाही, म्हणून इतिहासात तिची नोंदही झाली नाही. पण राज्यबदलाचा खरा परिणाम जर कोणी सोसला असेल, तर तो या माणसांनी.

रघूजी १७५५च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्या चौघा मुलांत, जानोजी आणि मुधोजी यांत विशेषतः, वारसाचे भांडण जुंपले. १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या हातून भाऊ साबाजी मारला गेला. देवगडच्या घरात जे घडले तेच भोसल्यांच्या घरात घडले. १८०३ साली इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले; उत्पन्न घटले, फौज मात्र कमी करवेना. तेव्हा दुसऱ्या रघूजीने रयतेवर असे काही कर बसविले, की लोक त्याला 'मोठा वाणी' म्हणू लागले.

जाम नदीवर

पांढुर्ण्याला लोक ओळखतात ते गोटमारीसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि झेंडा कोणी न्यावा यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव. माणसे जखमी होतात, काही वेळा मेलीही आहेत. बंदीहुकूम निघतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, आणि तरीही गोफणी फिरतात. सायंकाळी झाड चंडीमातेच्या देवळात जाते.

या प्रथेची रूढ कथा पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकल्याची. पण दुसरीही एक कथा येथे सांगतात : या ठिकाणी जटब्याच्या वंशाची गढी होती, भोसल्यांच्या फौजेने तिच्यावर चाल केली, आणि गढीतल्यांजवळ दारूगोळा नसल्याने त्यांनी दगडांनी ती फौज मागे लोटली. या कथेला कागदाचा आधार मागू नये. नागपूरचा दरबार जी गोष्ट पालकत्व म्हणून सांगत होता, ती या नदीकाठी आक्रमण म्हणून लक्षात राहिली, एवढे तिच्यावरून कळते. त्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळ्या मारबतीचा संबंध लोक बांकाबाईशी जोडतात. दुसऱ्या रघूजीची ही राणी इंग्रजांस अनुकूल झाली, हा तिच्यावरील राग. एकाच तिथीला, शंभर किलोमीटरच्या आत, भोसल्यांविषयीचे दोन राग असे जागे राहिले आहेत. गोटमारीतले दगड थांबले पाहिजेत, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. एका तरुणाचा डोळा जावा इतकी कोणतीही आठवण मोलाची नाही. कथा मात्र थांबू नये.

पेन्शनीचे कागद

१८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्याचा पराभव झाला. पुढील वर्षी कैदेतून निसटून तो जो पळाला, तो पचमढीच्या महादेव डोंगरांत; आणि तेथे त्याला आश्रय दिला तो गोंडांनी. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांच्या राजाला याच्या पणजोबाने नामधारी केले होते, त्यांनीच इंग्रजांच्या फौजांना काही महिने डोंगरात झुंजविले. आप्पासाहेब १८४० साली जोधपुरास वारला. १८५३च्या डिसेंबरात तिसरा रघूजी निपुत्रिक गेला आणि पुढील वर्षी राज्य खालसा झाले.

मग कंपनी सरकारने नेमणुका बांधून दिल्या. गोंड राजाच्या वंशजास पेन्शन मिळत राहिली. भोसल्यांच्या दत्तकास १८५७ नंतर 'देऊरचे राजेबहादूर' हा किताब मिळाला : ज्या साताऱ्याकडील गावातून घराणे निघाले होते, त्या गावाचे नाव तेवढे परत आले. महालात दोन्ही घराणी आता सारखीच पेन्शनदार झाली होती. मालकी मिळाली ती तिसऱ्यालाच. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी सौंसर तहसिलीतील पाटलांना मालगुजार करून गावांचे धनी ठरविले, आणि तो हक्क स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली मालगुजारी रद्द होईपर्यंत चालला. त्यांचे वाडे या खोऱ्यातील गावांतून आजही दिसतात. सौंसरच्या ज्या शेतकऱ्याने मला बाकावर जागा दिली, त्याचे आजोबा अशाच एका मालगुजाराचे कूळ होते. त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनातला कागद काढून दाखविला : हिंदीतील खसरा, त्यावर पांढुर्णा जिल्ह्याचे नवे नाव, सव्वातीन एकर, कपाशी आणि संत्रा. जुन्या जिल्ह्याच्या नावाचा खसरा बदलून घ्यावयास त्याला कचेरीत तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या, आणि चौथी अद्याप बाकी होती, कारण आजोबांच्या नावातील एक अक्षर चुकले होते.